एकाच ढगाला तीन-तीन सोंडा : टोर्नॅडोचे फोटो कसे बघायचे, नवीन लोकांसाठी

मे संपत आला की आमच्या ऐरोलीच्या सोसायटी ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. काळंभोर आभाळ, खाली सपाट जमीन, ढगातून तीन सोंडा लोंबतायत आणि वर लिहिलेलं असतं, "ठाणे खाडीवर आत्ता, सगळ्यांनी घरातच थांबा". पाच मिनिटांत खाली हात जोडलेले, बापरे बापरे, कुणाची मुलगी घणसोलीला ऑफिसात अडकलीय म्हणून तिची आई रडकुंडीला आलेली. मी गेली दहाएक वर्षं असे फोटो जमवतेय, खरे, तारीख-गाव माहीत असलेले, आणि मला मनापासून वाटतं की हे फोटो बघायला शिकणं अजिबात अवघड नाहीये, फक्त आपल्याकडे ते कुणी शेजारी बसून दाखवत नाही. म्हणून हे सगळं लिहून काढतेय, जसं मी माझ्या भाचीला दाखवलं होतं तसंच, त्याच क्रमाने.

एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी चालेल. हा फोटो खालून वर वाचायचा. आपली नजर आधी सोंडेवर जाते कारण ती भारी दिसते, पण खरी माहिती जमिनीपाशी असते आणि दुसरी माहिती अगदी वर, सोंडा ढगाला चिकटतात तिथे.

आधी शब्द नीट करून घेऊ

चक्रीवादळ म्हणजे २०२० चं निसर्ग किंवा २०२१ चं तौक्ते. शेकडो किलोमीटर पसरलेलं, समुद्रावर तयार होतं, दिवसचे दिवस चालतं, हवामान खातं त्याला नाव देतं आणि आधी इशारा देतं. टोर्नॅडो त्याच्यापुढे आकाराने अगदी बारका. एकाच गडगडाटी ढगाच्या पोटातून निघालेला भोवरा, बहुतेक वेळा काही दहा ते काहीशे मीटर रुंद, बरेचदा काही मिनिटांत संपणारा, पण तेवढ्या जागेतला वारा मोठमोठ्या चक्रीवादळांनाही मागे टाकू शकतो. बातम्यांत दोन्हीला सरसकट चक्रीवादळ म्हणतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. मी टोर्नॅडोच म्हणते, आणि त्याच्या आत फिरणाऱ्या हवेला भोवरा, आणि ढगातून खाली लोंबतं त्याला सोंड. फनेल म्हणा हवं तर, पण सोंड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लगेच येतं.

आता महत्त्वाचं, सोंड म्हणजे वारा नव्हे. भोवऱ्याच्या मध्यभागी हवेचा दाब एकदम उतरतो, हवा पसरते, गार पडते आणि तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात, तो ढग आपल्याला सोंड म्हणून दिसतो. गार सोड्याची बाटली उघडली की तोंडाशी क्षणभर धुकं येतं ना, तेच. त्यामुळे हवा कोरडी असेल तर सोंड अर्ध्यावरच संपलेली दिसते आणि खाली मात्र वारा घरांचे पत्रे उडवत असतो. सोंड जमिनीला टेकली नाही म्हणजे धोका नाही, असं समजणं ही नवीन माणसाची सगळ्यात पहिली चूक, माझीही तीच होती.

फोटो मोठा करा, मग जमिनीकडे बघा

फोटो मोबाईलवर बघू नका, निदान पहिल्यांदा तरी नको. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो दाबून-दाबून बारीक झालेला असतो आणि जमिनीजवळचं सगळं करडं-करडं एकजीव होतं, जे आपल्याला बघायचंय तेच नेमकं जातं. मूळ फोटो जितका मोठा मिळेल तितका शोधा, लॅपटॉपवर उघडा, झूम करा आणि फोटोचा वरचा भाग एका कागदाने चक्क झाकून टाका. भाचीला मी असंच करायला लावलं, तिला आधी विचित्र वाटलं, मग दोन मिनिटांनी ती स्वतःहून म्हणाली, मावशी, इथे धूळ दोन ठिकाणांहून उडतेय.

हेच बघायचंय. धूळ, माती, उडालेलं सामान, याचा जमिनीपाशी एक फुगीर ढग होतो. तो एकच आहे का दोन-तीन वेगळे? एकाच मोठ्या धुळीच्या बुंध्यात बारीक-बारीक वेगळी टोकं फिरताना दिसतायत का? की दोन बुंधे आहेत आणि मधे स्वच्छ, शांत शेत दिसतंय? हे कागदावर लिहून ठेवा, मग झाकलेला कागद काढा आणि आता वर बघा, सोंडा ढगाला कुठे मिळतात ते.

मला यासाठी वडाचं झाड फार उपयोगी पडतं. वडाला पारंब्या कितीही सुटल्या तरी झाड एकच असतं. बऱ्याच सोंडांचा टोर्नॅडो तसाच, वरती फिरणारा ढग एक, मुख्य भोवरा एक, आणि त्याच्या आत, त्याच्याच मध्याभोवती गोल धावणारे दोन, तीन, कधी पाच-सहा छोटे भोवरे. इंग्रजीतून आलेलं नाव मल्टिपल व्हॉर्टेक्स. पण कधीकधी फोटोत खरंच दोन झाडं असतात. दोन वेगळे टोर्नॅडो, दोघांची ढगातली जागा वेगळी, जमिनीवरची वाट वेगळी. तिसरा प्रकार म्हणजे सॅटेलाइट टोर्नॅडो, मोठ्याच्या बाजूने, त्याच्या बाहेरून घिरट्या घालणारा एक बारका. तो पारंबी नाही, शेजारचं रोपटं आहे.

पारंब्या की दोन झाडं, हा प्रश्न प्रत्येक फोटोला विचारायचा. कधी उत्तर मिळतं, कधी नुसत्या एका फोटोवरून मिळत नाही, आणि मग पुढची पायरी लागते.

पहिला अभ्यास : एल्कहार्ट, ११ एप्रिल १९६५

नवीन माणसाने सुरुवात याच फोटोपासून करावी असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात त्या दिवशी पाम संडे होता, ईस्टरच्या आधीचा रविवार, आणि मध्य-पश्चिमेच्या राज्यांत एकापाठोपाठ एक टोर्नॅडो झाले, अडीचशेहून जास्त माणसं गेली. पॉल हफमन नावाचे स्थानिक वर्तमानपत्राचे फोटोग्राफर गाडीने चालले होते, समोर टोर्नॅडो दिसला, त्यांनी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून एकापाठोपाठ एक सहा फोटो काढले. त्यातला एक जगभर गेला, तो तुम्ही नक्की बघितला असेल, ब्लॅक अँड व्हाइट, दोन जाड काळ्या सोंडा पाय फाकवून उभ्या राहिल्यासारख्या आणि मधे उजेडाची फट.

मी तो ठाणे स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर प्रिंट करून घेतला आणि भिंग घेऊन बसले. लांबून बघितलं की तो आकाशाचा फोटो वाटतो. भिंगातून बघितलं की सोंडांच्या बुडाशी काळे ठिपके, तुकडे दिसायला लागतात, आणि मग कळतं की तिथे मिडवे नावाची ट्रेलर-घरांची वस्ती होती आणि आपण जे ठिपके मोजतोय ती कुणाची तरी घरं आहेत. त्यानंतर मी त्या फोटोला "काय भारी फोटो" असं कधी म्हटलेलं नाही.

शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे सहाचे सहा फोटो क्रमाने लावा. आधी एकच खांब, मग त्याचे दोन. नुसता मधला फोटो बघितला असता तर आपण म्हणालो असतो, दोन टोर्नॅडो शेजारी-शेजारी. क्रमाने बघितलं की एकाचे दोन झालेले दिसतात. म्हणून नियम असा की एका फोटोवर सोंडा मोजून थांबायचं नाही, त्याच्या आधीचा आणि नंतरचा फोटो शोधायचा. हे आतले भोवरे फार कमी जगतात, कधी काही सेकंदच, आत्ता तीन, डोळ्याची पापणी लवेपर्यंत दोन, मग एक, परत चार. एखाद्याने अर्धा सेकंद आधी बटण दाबलं असतं तर वेगळाच फोटो मिळाला असता.

हे होतं कसं

इथे थोडं थांबते कारण हे समजलं की फोटो एकदम बोलायला लागतात.

मोठ्या गडगडाटी ढगात, ज्याला सुपरसेल म्हणतात, हवा जोरात वर जात असते आणि वर जाताजाता फिरत असते. टोर्नॅडो सडपातळ असतो तेव्हा मध्यातून हवा वर चढत असते, सरळ, दोरीसारखी सोंड दिसते. पण फिरणं वाढत गेलं, म्हणजे वर जाण्याच्या जोरापेक्षा गोल फिरण्याचा जोर फार जास्त झाला, की मधला दाब इतका उतरतो की वरची हवा मध्यातून उलटी खाली यायला लागते. ती जमिनीपर्यंत पोचली की मधला भाग त्यातल्या त्यात शांत आणि त्याच्याभोवती वर चढणाऱ्या, फिरणाऱ्या हवेचं एक कडं, अशी रचना होते. हे कडं टिकत नाही. आतला वारा आणि बाहेरचा वारा यांचा वेग वेगळा, त्या ओढाताणीत कडं तुटतं आणि त्याचे छोटे-छोटे भोवरे होतात, जे स्वतःभोवतीही फिरतात आणि मुख्य मध्याभोवतीही. नील वॉर्ड यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोगशाळेत एका यंत्रात हवा फिरवून हे असेच आतले भोवरे करून दाखवले होते.

एप्रिलमध्ये दुपारी आमच्या बिल्डिंगच्या दोन विंगच्या मधल्या चौकात वारा कोंडला की सुकी पानं आणि एखादी प्लास्टिकची पिशवी गोल फिरते, बघा कधी, मोठ्या गोलाच्या कडेला मधेच दोन-तीन पानं आपली-आपली वेगळी गिरकी घेतात. त्यामागचं सगळं कारण तेच नाही, ढगाचा संबंध तर नाहीच, पण गोलातली गिरकी कशी दिसते हे डोळ्यात बसवायला हे पुरेसं आहे.

आता वेगाची बेरीज करा. टोर्नॅडो स्वतः पुढे सरकतोय तो एक वेग, मुख्य भोवऱ्याचा दुसरा, त्यात छोट्या भोवऱ्याचा तिसरा, आणि ज्या बाजूला तिन्ही एकाच दिशेला येतात तिथे वारा कल्पनेपलीकडचा होतो, तोही काही मीटरच्या पट्ट्यात आणि क्षणभरासाठी. म्हणून एकाच गल्लीत एक घर पायापर्यंत साफ आणि शेजारचं खिडक्या फुटून उभं, असे फोटो दिसतात. पूर्वी लोक त्याला नशीब म्हणायचे.

याचा उलगडा केला टेड फुजिता यांनी, मूळ नाव तेत्सुया फुजिता, जन्म १९२० जपानमध्ये, काम शिकागो विद्यापीठात. १९४५ मध्ये हिरोशिमा-नागासाकीच्या अणुस्फोटानंतर तिथल्या पडझडीचा त्यांनी अभ्यास केला होता, पडलेल्या वस्तूंवरून स्फोट कुठे झाला असेल हे मागे-मागे शोधत जायची सवय तिथली. पाम संडेनंतर त्यांनी विमानातून त्या सगळ्या वाटांचे फोटो घेतले. शेतात गोल-गोल, एकात एक अडकलेल्या वेटोळ्यांसारख्या रेघा दिसत होत्या. आधी लोकांना वाटायचं की एखादी जड वस्तू जमिनीवरून फरफटत गेली म्हणून ओरखडे पडले. जवळून बघितल्यावर निघाल्या धाटं-कचऱ्याच्या बारीक ढिगांच्या ओळी, म्हणजे आतले छोटे भोवरे गोल धावत जाताना मागे टाकून गेलेले. १९७० मध्ये त्यांचा त्यावरचा पेपर आला. मला यातलं सगळ्यात आवडणारं म्हणजे उत्तर आकाशाच्या फोटोत नव्हतं, जमिनीच्या फोटोत होतं. खालून वर वाचायचं ते यासाठी.

मग पुढचे फोटो, या क्रमाने

१८८४ चा हॉवर्ड गावाजवळचा फोटो लवकर बघून घ्या. २८ ऑगस्ट, आजच्या साउथ डकोटामध्ये काढलेला, टोर्नॅडोच्या जगातल्या सगळ्यात जुन्या फोटोंपैकी, मधे एक जाड सोंड आणि बाजूला दोन बारक्या. दिसायला अगदी आपल्या विषयाचा, पण जाणकार सांगतात की त्यावर नंतर हाताने बरंच काम केलंय. फोटोला हात लावणं कॉम्प्युटरबरोबर आलं नाही, हे त्यावरून समजतं.

३ एप्रिल १९७४, ओहायोमधलं झीनिया. त्या साधारण २४ तासांत अमेरिकेत १४८ टोर्नॅडो मोजले गेले आणि झीनियाचा त्यात एफ-५, म्हणजे टोर्नॅडोच्या पडझडीच्या मोजपट्टीवर सगळ्यात वरची श्रेणी. एका सोळा वर्षांच्या मुलाने घरच्या छोट्या फिल्म कॅमेऱ्याने ते टिपलंय, आतले भोवरे एकमेकांमागे धावताना स्पष्ट दिसतात. फोटोपेक्षा ही फिल्म आधी बघा असंही मी सांगेन, कारण एकदा हालचाल डोळ्यात बसली की स्थिर फोटोतही ती दिसायला लागते.

२७ मे १९९७, टेक्सासमधलं जॅरेल. सुरुवातीच्या टप्प्यात बारीक-बारीक सोंडांचा, त्यातलं एक चित्र माणूस चालत येतोय असं दिसतं आणि त्याच नावाने ते फिरतं. त्याच्याबरोबर एक आदिवासी दंतकथा पण चिकटवलेली असते, ती बाजूला ठेवा. खरी गोष्ट इतकी आहे की त्यानंतर थोड्याच वेळात तो प्रचंड जाड झाला, हळूहळू सरकत एका वसाहतीवरून गेला आणि २७ माणसं गेली.

१६ जून २०१४, नेब्रास्कामधलं पिल्गर. हा दोन झाडांचा फोटो. दोन वेगळे टोर्नॅडो, दोन्ही ईएफ-४, एकाच वेळी, मधे मोकळी जागा. एल्कहार्टचा प्रिंट आणि पिल्गरचा फोटो शेजारी ठेवून अर्धा तास बघितलात तर तुम्हाला फरक सांगायला परत कुणी लागणार नाही.

आणि ३१ मे २०१३, ओक्लाहोमामधलं एल रेनो. याची रुंदी ४.२ किलोमीटरपर्यंत गेली होती. वाशी स्टेशनपासून नेरुळ स्टेशन सरळ रेषेत जेवढं लांब आहे, साधारण तेवढा एक टोर्नॅडो. इतका रुंद की फोटोत टोर्नॅडो दिसतच नाही, पावसात गुंडाळलेली काळी भिंत दिसते आणि तिच्या आत वेड्यासारखे पळणारे छोटे भोवरे. अनुभवी संशोधक टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग तिथेच गेले, वर्षानुवर्षं हेच काम करणारी माणसं. गाडीवर बसवलेल्या रडारवर वारा ताशी ४५० किलोमीटरच्याही वर मोजला गेला होता, तरी त्याची अधिकृत श्रेणी ईएफ-३, कारण ही श्रेणी पडझड बघून देतात आणि तो बहुतेक मोकळ्या रानातून गेला. तेव्हा कुणी फोटो टाकून खाली "ईएफ-५ दिसतोय" असं लिहिलं तर समजा की त्याला माहीत नाही. जाड सोंड, बारीक सोंड, पाच सोंडा, यावरून श्रेणी ठरत नाही.

(एफ म्हणजे फुजितांची १९७१ ची मोजपट्टी, ईएफ म्हणजे तिची सुधारलेली आवृत्ती, अमेरिकेत २००७ पासून. ईएफ-५ म्हणजे ताशी ३२२ किलोमीटरच्या वर.)

एकाच फोटोत आठ सोंडा असतील तर

एक फोटो असा आहे की त्यात डावीकडून उजवीकडे आठ टोर्नॅडो ओळीने उभे दिसतात, पहिला नुसता ढगाचा फुगवटा, मग बारीक, मग जाड, मग परत दोरीसारखा. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा खरा समजून तीन ग्रुपवर पाठवला होता, "एकाच वेळी आठ" असं लिहून. माझ्या ऑफिसातल्या एका सीनिअरने शांतपणे मेसेज केला की प्रत्येक सोंडेमागचा उजेड बघा. बघितला. प्रत्येकाचा वेगळा. तो २४ मे २०१६ चा कॅन्ससमधल्या मिनिओला गावाजवळचा एकच टोर्नॅडो आहे, वेगवेगळ्या वेळी काढलेले आठ फोटो शेजारी-शेजारी जोडलेले. फोटोग्राफरने हे लपवलेलं नव्हतं, पुढे पाठवणाऱ्यांनी ती ओळ गाळली आणि मी त्यांच्यातली एक होते. तिन्ही ग्रुपवर दुरुस्ती टाकली त्या रात्री.

तेव्हापासून उजेड ही माझी कायमची पायरी. सूर्य टोर्नॅडोच्या मागे असेल तर सोंड काळी दिसते, आपल्या पाठीमागे असेल तर पांढरी. एकाच फोटोत एक सोंड पांढरीफेक आणि शेजारची काळीकुट्ट, तर एकतर त्या खूप अंतरावर आहेत, किंवा एकावर दुसऱ्या ढगाची सावली आहे, किंवा फोटो जोडलेला आहे. यातलं काय ते शोधायचं.

ग्रुपवर आलेला फोटो तपासताना

आधी रस्ता बघा. गाड्या उजव्या बाजूने चालल्यात? मग तो पाम बीच रोड असूच शकत नाही. विजेचे खांब लाकडी, लांबच लांब सपाट शेत, उंच पांढरे धान्याचे सायलो, तर बहुतेक अमेरिकेतलं मैदान. आपल्याकडे कुठल्याही बाजूला कॅमेरा फिरवा, पारसिकचा डोंगर, येऊरची रांग नाहीतर टॉवर, काहीतरी मधे येतंच. खाडीचा फोटो म्हणत असतील तर ऐरोली पूल किंवा वाशीचा पूल दिसायला हवा किंवा निदान कांदळवनाची हिरवी पट्टी.

मग गूगल लेन्सवर टाका आणि सगळ्यात जुनी तारीख कुठली सापडते ती बघा, पहिला निकाल बघून थांबू नका. एआयने केलेले फोटो आता इतके येतात की त्यासाठी परत तीच सवय कामाला येते, खाली बघा. सोंडा छान, सारख्या अंतरावर, जवळजवळ जुळ्या, आणि बुडाशी धूळ नाही, गवत हललेलं नाही, झाडं सगळ्या दिशांना ताठ उभी, तर संशय घ्या. खऱ्या फोटोत जमिनीपाशी सगळ्यात जास्त पसारा असतो.

१३ मे २०२४ ची संध्याकाळ आठवते का, ठाणे-नवी मुंबईवर धुळीची भिंत चालून आली होती, चार वाजता अंधारल्यासारखं झालं. ते टोर्नॅडो नव्हतं. गडगडाटी ढगातून गार हवा जोरात खाली पडते आणि जमिनीवर पसरते, पुढे धूळ ढकलत नेते. तिच्यात वारा एका भागात साधारण एका दिशेने वाहतो. फरक नंतरही ओळखता येतो, सरळ वाऱ्यात झाडं बऱ्यापैकी एकाच दिशेला आडवी होतात, टोर्नॅडोच्या वाटेवर ती एकमेकांकडे तोंड करून, वेड्यावाकड्या दिशांना पडलेली सापडतात.

आपल्या आभाळात सोंडा दिसल्या तर

पावसाच्या आधीच्या वादळांत घाटाकडून ढग येतात तेव्हा आमच्या गॅलरीतून पारसिकवर लांबच लांब पायरीसारखा ढग दिसतो, तो शेल्फ क्लाउड. त्याच्याखाली फाटक्या चिंध्या लोंबतात, दोन, चार, कधी दहा, त्यांना स्कड म्हणतात, आणि लांबून त्या थेट सोंडांसारख्या दिसतात. ओळखायची पद्धत साधी आहे. मोबाईल खिडकीच्या ग्रिलला टेकवून न हलवता एक मिनिट व्हिडिओ घ्या आणि नंतर वेग वाढवून बघा. चिंध्या वाऱ्याबरोबर सरकतात, विरघळतात, आकार बदलतात. सोंड स्वतःभोवती फिरते. फिरत नसेल तर ती सोंड नाही, मग कितीही टोकदार असो. हे घरातून करा, गच्चीवर जाऊन नाही, विजा पडत असतात.

भारतात टोर्नॅडो होतच नाहीत असं मात्र कुणाला सांगू नका. १७ मार्च १९७८ ला दिल्लीत विद्यापीठाच्या भागातून एक गेला होता, ३१ मार्च २००९ ला ओडिशात केंद्रपाड्याला झाला, आणि शेजारी बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ चा दौलतपूर-सतूरियाचा तर जगातला सगळ्यात जास्त बळी घेणारा मानला जातो, सुमारे १३०० माणसं. त्याचे एल्कहार्टसारखे घरोघरी पोचलेले फोटो नाहीत. ज्यांच्याकडे कॅमेरे होते त्यांचीच वादळं आपल्याला तोंडपाठ आहेत, हे मला फार लागतं.

ढगाबद्दल शंका आली तर ग्रुपवर विचारत बसण्यापेक्षा हवामान खात्याच्या साइटवर मुंबईच्या रडारचं चित्र उघडा, कुलाबा आणि वेरावली दोन्हीकडे डॉप्लर रडार आहे, ढग कुठून कुठे चाललाय ते तिथे दिसतं.

जमवायचे असतील तर

फोल्डरला वर्ष-महिना-तारीख, मग गाव, असं नाव द्या. फोटोग्राफरचं नाव लिहिल्याशिवाय एकही फोटो ठेवू नका, आणि पुढे पाठवताना ते कापू नका, माणूस त्या रस्त्यावर उभा होता. मालिकेतला कितवा फोटो ते लिहा. आणि प्रत्येकाखाली चार गोष्टी, जमिनीपाशी काय, मधे काय, ढगापाशी काय, उजेड कुठून. माझ्या वहीतली एल्कहार्टची नोंद तशीच उतरवते, तुमची पहिली नोंद याच साच्यात करा :

"११ एप्रिल १९६५, एल्कहार्टजवळ, इंडियाना. फोटो पॉल हफमन, सहाच्या मालिकेतला. जमिनीपाशी : दोन बुंधे, दोन्हीकडे उडालेले तुकडे, मिडवे ट्रेलर वस्ती. मधे : दोन जाड सोंडा, मधे उजेड. ढगापाशी : दोन्ही एकाच काळ्या पोटाला जाऊन मिळतात. उजेड : मागून. आधीच्या फोटोत एकच खांब. म्हणून, पारंब्या. झाड एक."